वाकळीच्या कोपऱ्यातला घास

भीमजयंतीच्या निळ्या पताका तारांवर फिकट व्हायला लागल्या, दुकानासमोरचा डांबरी रस्ता दुपारी चपलेला चिकटायला लागला, की माझा मोबाईल वाजायला लागतो. आधी एखादी सूचना येते, मग रोज येतात. ‘तुमची पिन कुणीतरी जतन केली.’ वर्षभर गप्प असलेल्या या सूचनांना आमच्याकडं ऊन तापलं की पाय फुटतात. पहिल्या वर्षी मला याचं नवल वाटलं होतं. एवढ्या उकाड्यात पांघरुणं कुणाला सुचतात? मग कळलं की पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला याच दिवसांत थंडी सुरू होते. तिकडच्या बाया उबदार काहीतरी शोधायला लागतात, आणि शोधता शोधता माझ्या जावेच्या हातापाशी येऊन थांबतात.

जाऊ गेली त्यावर काही पावसाळे होऊन गेले. हात मात्र फिरतोच आहे.

मंठ्यात माझं दुकान आहे. कटपीस, लेस, लोकर, मणी, रुखवताचं सामान, शाळेतल्या पोरांच्या प्रकल्पांचे रंगीत कागद. बाजारच्या दिवशी पोत्यावर सुया आणि दोऱ्याची रिळं मांडून बसायची, तिथून इथवर आले ती कुणाच्या मेहेरबानीनं नाही. जालन्याच्या ठोक बाजारातले शेठ मला पायरी चढताना पाहिलं की नोकराला सांगतात, ‘पंखा लाव रे, आता बराच वेळ लागनार.’ लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. तोंड नसतं तर मी अजून पोत्यावरच असते.

ते चित्रांचं संकेतस्थळही मी धंद्यासाठीच शिकले. शाळेतल्या मॅडम, लग्नघरच्या बाया दुकानात यायच्या आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरायच्या. ‘असं पाहिजे.’ कुठून आणतात ही चित्रं, म्हणून एका शिक्षिकेलाच बाकावर बसवलं, चहा पाजला आणि शिकून घेतलं. अवघड काहीच नाही. कुठंही आवडलेलं चित्र दिसलं की ते आपल्या बोर्डावर पिन करायचं. एकेका विषयाचा एकेक बोर्ड. चित्रावर बोट ठेवलं की ते जिथून आलं त्या जागी पोचता येतं. आपल्या बोर्डावरचं दुसरी उचलते, तिच्याकडचं तिसरी. मी रुखवताचा बोर्ड केला, राख्यांचा केला, गौरींच्या सजावटीचा केला. येत्या हंगामात बायका काय मागणार हे मला त्यांच्या आधी कळायला लागलं. विणून भिंतीवर टांगायच्या शोभेची जाड सुती दोरी मंठ्यात सगळ्यात आधी माझ्याकडं आली. नवरीच्या आया बाकावर बसून बोट फिरवत राहायच्या, ‘हे’ म्हणायच्या, आणि ‘हे’ला लागणारं सगळं सामान तोवर मी फळीवरून खाली काढलेलं असायचं.

बाईचा बोर्ड मात्र धंद्याचा असूनही धंद्याचा राहिला नाही.

बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, वच्छलाबाई. हसनाबादला आमचं सासर. पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत बाई रानात, आणि उन्हाळ्यात रान रिकामं झालं की जुन्या लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती माझ्याकडं मंठ्याला यायची. दुकानावरच्या माडीवर कूलर होता. तिथं फरशीवर ती वाकळ पसरायची. वाकळ म्हणजे काय ते ज्यांनी पांघरली त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मऊ झालेल्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून, वरून ठिगळांची नक्षी लावून, सगळं हातानं टाचलेलं पांघरूण. बाईची रीत अशी, की चारी कडा आधी शिवून घ्यायच्या आणि एका कोपऱ्याला बोटभर तोंड उघडं ठेवायचं. मग आतले टाके, रांगेमागून रांग, रानातल्या सऱ्यांसारखे सरळ. सगळं संपलं की त्या तोंडातून वाकळीला घास भरवायचा, आणि तोंड शिवून टाकायचं.

घास म्हणजे खराच घास. ज्वारीच्या वाळलेल्या भाकरीचा तुकडा.

‘मुंग्या लागतील ना बाई,’ मी म्हणायची.

‘लागू दे. त्यान्ला पोट न्हाई का?’

‘अन् धुतल्यावर?’

‘पोटात गेलेलं परत दिसतं व्हय कोनाला? तू तर कायबी विचारतीस. रातभर ती मान्साला कवळ्यात घिऊन पडती. उपाशीपोटी कशी पडंल? उपाशी वाकळ झोपू देत न्हाई मान्साला.’

आणि घास भरवताना ती पाठ फिरवून बसायची. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, म्हणायची. म्हणून बाईच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी तिच्या कामाचे ढीगभर फोटो काढले, पण घासाचा एकही नाही. पाठ दिसायची, मान खाली गेलेली दिसायची, ओठ हलताना कळायचे. काय म्हणायची कोण जाणे. वळायची तेव्हा कोपरा शिवलेला असायचा आणि तिथं सुपारीएवढा उंचवटा असायचा. बोटानं दाबला तर आत कुरकुरायचा.

तो उन्हाळा आठवतो तो वासासकट. कूलरच्या वाळ्याचा वास, पेटीतल्या लुगड्यांचा डांबरगोळ्यांचा वास, बाईच्या पदराला चिकटलेला चुलीचा धूर. पाण्याचा टँकर गल्लीत शिरला की बाई सुई वाकळीत खोचून माझ्या आधी खाली पळायची. ‘तू भाव कर, मी पानी भरते,’ म्हणायची. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. गिऱ्हाईक नसलं की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून वर जायची आणि मोबाईल घेऊन तिच्या डोक्यावर उभी राहायची. कूलरचा झोत असा, की ठिगळं उडायची. बाई ती हातानं दाबून धरायची. मनगटावर हिरवा विंचू गोंदलेला, अंगठा विळ्यानं कधीतरी कापून वाकडा झालेला. प्रत्येक फोटोत तो हात यायचा.

‘हात काढा, बाई.’

‘हात काढला का चिंधी उडून राह्यली ना.’

‘फोटोत चिंधी दिसली पाहिजे. हात कुणाला पाहिजे?’

‘मंग कूलर बंद कर.’

‘उकडून मरू?’

‘मंग हात राहू दे. माझा हात काय उष्टा हाय?’

असं रोज. शेवटी हात राहिला. बोर्डावर चढवला, ‘वाकळ’ एवढंच नाव दिलं. बाईला वाचता फारसं येत नव्हतं, पण बोर्डाचा व्यवहार तिला माझ्यापेक्षा लवकर कळला. कप्पे तिनंच पाडायला लावले. जुनं कापड कसं निवडायचं ते एका कप्प्यात, थर कसे लावायचे ते दुसऱ्यात, कडा, टाके, ठिगळांचे नमुने. कुठला फोटो आधी, कुठला मागून, यावर माझ्याशी वाद घालायची. एखादी नवशिकी बाई घरी बसून शिकेल असं तिला सगळं मांडायचं होतं.

‘एवढं सगळं दाखवलं तर आपल्याकडं कोण येईल?’ मी म्हटलं. ‘फुकट वाटायला बसलोय का आपण?’

‘बघून काय झिजून राह्यलं गं सुमन?’

‘धंदा झिजतो.’

‘झिजू दे. झिजलेल्या लुगड्याचीच वाकळ व्हती.’

मी फोटो चढवले. पिना उचलल्या जाऊ लागल्या. कुठल्या कुठल्या देशांतल्या बाया, त्यांची नावं मला उच्चारताही यायची नाहीत. एकीनं फोटोखाली विचारलं होतं. भाषांतराचं बटण दाबून मी बाईला वाचून दाखवलं, की कोपऱ्यात तो छानसा उंचवटा कसला आहे?

बाई सुईत दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, ‘जेवलीय म्हनाव.’

मी ते लिहिलं नाही. बाजारात बसणारी बाई मी. पांघरुणात भाकरी आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक पळतं एवढं मला कळत होतं. नुसतं नमस्काराच्या हातांचं चिन्ह टाकलं आणि पुढं सरकले.

त्याच उन्हाळ्यात एक मॅडम आल्या. शहरात त्यांचं कपड्यांचं, घरसजावटीचं मोठं दुकान होतं. बोर्ड बघून शोधत आल्या होत्या. गाडी गल्लीत मावेना म्हणून कोपऱ्यावर लावली, पदराची घडी सांभाळत माडीवर आल्या आणि प्रत्येक वाकळीवरून हात फिरवला. मी भाव सांगितला. मुद्दाम चढा सांगितला, खाली यायला जागा ठेवून. त्या ‘ठीक आहे’ म्हणाल्या आणि तयार होत्या तेवढ्या सगळ्या वाकळी उचलल्या. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. घासाघीस न करता जो माल उचलतो त्याला तो माल नको असतो, दुसरंच काहीतरी हवं असतं. जाताना त्यांनी फरशीवर पसरलेल्या अर्धवट वाकळीकडं बोट केलं. निळ्या लुगड्याची होती, बाईच्या लग्नातल्या. ‘ही झाली की मलाच द्या हं.’ बाई म्हणाली, ‘ती घरची हाय, मॅडम.’

त्या निळ्या वाकळीचे टाके संपले आणि आभाळ भरून यायला लागलं. हसनाबादहून थोरल्या दिरांचा फोन आला, पेरणीची तयारी सुरू आहे, निघ. बाईनं गाठोडं बांधलं. वाकळीच्या कोपऱ्याचं तोंड उघडंच होतं.

‘घास राह्यला ना,’ मी आठवण केली.

‘भाकर वाळली न्हाई अजून. ढगाळ हाय. पुढच्या खेपेला घालते.’

‘मी घालू का?’

‘बिलकुल न्हाई. तुला घाई असती. तोंड जल्दी आवळशीन, ठसका लागंल तिला.’ स्वतःच्याच बोलण्यावर हसली, मग जिन्यात थांबली. ‘अन् तशीच इकू नको गं. उघड्या तोंडाची.’

भादव्यात ती गेली. रानातून आली, ओट्यावर बसली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत राहिली नाही. असं दिरांनी सांगितलं. मी पोचले तेव्हा तिचा हात चादरीखाली झाकलेला होता. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण मला तो एकदा बाहेर काढून बघायचा होता.

निळी वाकळ माझ्या माडीवर सगळ्यात वरच्या फळीवर राहिली. घडी घालून, तोंडाचा कोपरा बाहेर ठेवून. उन्हाळ्यात कूलर लावला की झोत तिथपर्यंत पोचतो. त्या उघड्या तोंडातून वारा आत शिरतो, कोपरा फुगतो, खाली बसतो, पुन्हा फुगतो. मी भुताखेताला मानणारी नाही. आमच्या घरात ते चालत नाही. तरी त्या दुपारच्या वेळी मी फळीकडं पाठ करून बसायला शिकले. घरात दुसरी पांघरुणं होती, झोपही लागायची. पण दुपारी कूलरच्या घरघरीत मला मधूनच वाटायचं, वर कुणीतरी बसलंय आणि ताट यायची वाट बघतंय.

दीर दर उन्हाळ्यात फोनवर एकच विचारायचे. ‘ती निळी हाय का गं अजून?’

‘हाय.’

‘राहू दे मंग.’ एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात जालन्याला हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. मी दोऱ्यांच्या खरेदीला गेले होते, सहज शिरले. एका मोठ्या दालनात वाकळी टांगलेल्या दिसल्या. मशीनवर शिवलेल्या, कोऱ्या कापडाच्या, कपाटातून काढल्यासारख्या कडक. रंगांची मांडणी बाईची. ठिगळांची नक्षी बाईची, तिच्या त्या वाकड्या चौकटीसकट, जी तिला कधीच सरळ जमली नाही आणि जी ती ‘वाकडी तर वाकडी, आपली हाय’ म्हणून ठेवायची. आणि प्रत्येक वाकळीच्या एका कोपऱ्यात उंचवटा. सुपारीएवढा.

मी बोटानं दाबला. बोट आत गेलं. स्पंज.

‘हे काय भरलंय?’ मी तिथल्या मुलीला विचारलं.

‘ते डिझाईन आहे काकू. गावाकडचा लूक येतो त्यानं.’

मी दुसरी दाबली, तिसरी दाबली. सगळ्यांच्या पोटात स्पंज. माझा आवाज चढला असणार, कारण दालनातले लोक वळून बघायला लागले आणि पडद्यामागून त्या मॅडम आल्या. त्यांनी मला ओळखलं. निदान तेवढं केलं.

‘हे सगळं माझ्या जावेचं आहे,’ मी म्हटलं. ‘बोर्डावरून उचललं तुम्ही.’

‘ताई, बोर्ड असतो कशाला?’ त्या अगदी शांत होत्या. ‘तुम्हीच तर सगळ्यांना बघायला ठेवलं. आता जगभर करतात लोक. हा कोपऱ्यातला गोळा तर किती जणींनी केलाय, बघा तरी.’

‘तिचं नाव कुठं आहे?’

‘तुम्ही तरी कुठं लिहिलं होतं?’

मग मी भांडले. बाई गेली, निळी तेवढी उरलीय, हेही त्यात ओरडून सांगितलं, बाकीचं इथं लिहिण्यासारखं नाही. घरी येऊन त्यांच्या दुकानाच्या पिना उघडल्या. माझेच फोटो. त्यांवर बोट ठेवलं की त्या मॅडमच्या दुकानाच्या पानावर पोचता येत होतं. बाईचा हात कापून टाकलेला, इतका सफाईनं, की तिथं कधी काही होतं असं वाटू नये. एकाच फोटोत कडेला अंगठ्याचं नख राहिलं होतं. वाकडं. मी ते नख मोठं करून बघत बसले, आणि मग रागाच्या भरात माझा अख्खा बोर्ड पुसून टाकला. ना राहील बांबू, ना वाजेल बासरी, असं काहीतरी डोक्यात होतं. माझं दुकान, मी शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सूचना आली नाही. पण मला हे सगळं शिकवणाऱ्या त्या शिक्षिका दुकानात आल्या, सहज मोबाईल पुढं केला. ‘हे बघा, किती सुंदर गोधडी.’ बाईचा हात. हिरवा विंचू. कुणा परक्या बाईच्या बोर्डावर.

तेव्हा मला त्या संकेतस्थळाची खरी रीत कळली. आपण आपलं पुसतो. ज्यांनी उचलून नेलं त्यांच्याकडं ते राहतंच. मी माझ्या घराचं दार लावून घेतलं होतं, आणि बाई बाहेर रस्त्यावर राहिली होती, लोकांच्या ओट्यांवर.

फोटो काढले होते तो जुना मोबाईल केव्हाच मोडला होता, म्हणून मी तिला तिथंच शोधायला लागले. अजून शोधते आहे. चित्राच्या एखाद्या भागावर बोट ठेवलं की त्यासारखी चित्रं समोर येतात, अशी सोय आहे तिथं. मी बाईच्या हातावर बोट ठेवते. हात येतात. कणीक मळणारे, लोकर विणणारे, मेंदी लावलेले, मातीत बुडालेले. सुरकुतलेले कितीतरी. कुठल्या कुठल्या देशांतल्या म्हाताऱ्या बाया, ज्यांचं तोंड दिसत नाही, नुसते हात. सरकवत राहायचं. आणि त्या गर्दीतून एकदम तो विंचू येतो. बाजारात गर्दीत हरवलेलं माणूस लांबून पदरावरून ओळखू यावं तसा. ज्या बोर्डावर ती सापडते त्याचं नाव मी भाषांतर करून वाचते. ‘बाळाची खोली.’ ‘थंडीच्या सुट्टीत करायचं.’ ‘आईला आवडेल असं.’ एका बोर्डाचं नाव होतं ‘कधीतरी’. तिथं बाईचा हात एकटाच होता, दुसरं काही नाही.

प्रत्येक ठिकाणाहून मी तिला उचलून नव्या बोर्डावर आणते. खाली लिहिते, वच्छलाबाई, हसनाबाद. पुन्हा तेच कप्पे पाडलेत, तिनं सांगितले होते तसे. कापड, थर, कडा, टाके, ठिगळं. सगळे फोटो अजून परत आलेले नाहीत. शोधताना त्या दुसऱ्या वाकळीही दिसतात, बघून बघून केलेल्या. कुणी लोकरीचा गोळा घालतं, कुणी कापूस, एका बाईनं तर गोळा कसा भरायचा ते पायरीपायरीनं दाखवलंय, अगदी मन लावून. तिच्यावर मला राग धरता आला नाही. तिनं चित्र पाहिलं. चित्रात जेवढं होतं तेवढं केलं. कोपऱ्यात काहीतरी असतं एवढं तिला कळलं होतं, आणि ती आपल्या परीनं भरत होती.

त्या मॅडमवर मात्र राग आहे. राहणार.

आणि या उन्हाळ्यात त्यांचाच फोन आला. पताका अजून खाली उतरलेल्या नव्हत्या. मी दुकानात होते.

‘ताई, जुनं सोडून द्या,’ त्या म्हणाल्या. ‘मी तुमच्यासाठी चांगलं घेऊन आलेय. हल्ली गिऱ्हाईक नुसती वस्तू मागत नाही, गोष्ट मागतं. कुणी केली, कुठल्या गावची, तिचा फोटो. तुमच्या जावेचं नाव मी सगळीकडं घालते. प्रत्येक पिनेखाली. तो हातही परत घालते. दुकानात दर्शनी भिंतीवर मोठा फोटो लावते.’

‘अन् बदल्यात?’

‘ती निळी वाकळ. शेवटची आहे ना? काचेच्या पेटीत ठेवेन. भाव तुम्ही सांगाल तो.’

मी मनात हिशेब मांडायला लागले. बाईचं नाव सगळीकडं. मी एकटी बोटानं सरकवत सरकवत एकेक हात गोळा करतेय, तो आकडा कधी पुरा होणार? आणि यांच्या एका शब्दावर जिथं जिथं हात पोचलाय तिथं तिथं नाव पोचलं असतं. हसनाबादच्या ओट्यावर पाणी मागून गेलेल्या बाईचं नाव. एका पांघरुणाच्या बदल्यात. महाग नव्हतं. मी विचार करते म्हणाले. काही दिवस तो सौदा घासात खडा यावा तसा दाढेखाली राहिला. गिऱ्हाइकाला मीटरला जास्त कापड कापून दिलं, एका नवरीच्या आईवर उगाच ओरडले.

मॅडमचा पुन्हा फोन आला तेव्हा मी जवळपास हो म्हणणार होते. विचारलं एवढंच, ‘एक कोपरा शिवायचा राहिलाय. तो पुरा करून देऊ?’

‘नको नको,’ त्या घाईनं म्हणाल्या. ‘हात लावू नका. उघडाच राहू द्या तो कोपरा. अपूर्ण आहे त्यातच तर सगळी मजा आहे. लोक बघत उभे राहतील.’

मला काच दिसली. काचेमागं ते उघडं तोंड दिसलं. आणि पलीकडं लोक उभे, बघत.

‘न्हाई जमायचं,’ मी म्हटलं.

‘ताई, भाव तर सांगा.’

‘भाव न्हाई तिला.’

‘प्रत्येक गोष्टीला असतो, तुम्हीच...’

‘मला नका शिकवू, मॅडम. मी भाव करूनच मोठी झाले.’ आणि फोन ठेवला. नाव लागणार नव्हतं. त्या मॅडमच्या भिंतीवर, त्यांच्या पिनांखाली, कुठंच. ते मला ठेवतानाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापली. तुकडा मोडून गच्चीवर उन्हात ठेवला. या दिवसांतलं आमच्याकडचं ऊन, दुपारपर्यंत तो खडखडीत झाला. शटर अर्धं ओढून माडीवर गेले, निळी वाकळ खाली काढली, फरशीवर पसरली. टाके तसेच होते, कापड तेवढं अजून मऊ झालं होतं. मोबाईल शेजारी पालथा घातला. मग उठून तो खोलीबाहेर जिन्यात ठेवून आले.

घास आत ठेवला. बाई काय म्हणायची ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘सावकाश.’ आणि सावकाश शिवलं. माझ्या आयुष्यात मी एवढं सावकाश काहीही केलेलं नाही. दोरा ओढताना प्रत्येक वेळी थांबले, आवळला जातोय का बघितलं. खाली कुणीतरी ‘ओ मावशी, दुकान चालू हाय का?’ म्हणून हाका मारून निघून गेलं. गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे.

कोपरा बोटानं दाबून पाहिला. कुरकुरला.

पावसाच्या आत ती हसनाबादला दिरांकडं पोचवायची आहे. त्याआधी एक फोटो बोर्डासाठी हवा होता, टाक्यांच्या कप्प्यात शेवटचा. जिन्यातून मोबाईल आणला, उभी राहिले, धरला. कूलरचा झोत आला आणि वाकळीची कड उडाली. मी वाकून ती दाबून धरली, दुसऱ्या हातानं मोबाईल सावरला, पडद्यात बघितलं. कोपऱ्यात हात आला होता.

‘हात काढा, बाई,’ माझ्या तोंडून निघून गेलं.

मग पुन्हा बघितलं. मनगट कोरं होतं, अंगठा सरळ.

हात तसाच ठेवला. फोटो काढला, बोर्डावर चढवला. खाली तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं, जेवली.